एक आजार सापडला म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवू नका



टीबी आपल्या वस्त्यांना नवा नाही. प्रत्येक गल्लीत कुणी ना कुणी त्याचा कोर्स केलेला असतो. स्तनाच्या कॅन्सरचे नावही आता बायकांच्या तोंडी येऊ लागले आहे. पण हे दोन्ही आजार एकाच बाईच्या शरीरात एकाच वेळी असू शकतात, ही गोष्ट अजून आपल्या घरांत पोहोचलेली नाही. दवाखान्यातही ती दर वेळी लक्षात घेतली जाते असे नाही. एकदा टीबी सापडला की पुढची प्रत्येक तक्रार टीबीच्या खाती जमा होते. एकदा कॅन्सर सापडला की खोकलाही कॅन्सरचा आणि तापही कॅन्सरचा ठरतो. या सवयीपायी बायकांचे महिनेच्या महिने वाया जातात. म्हणून आमचे मत आम्ही आधीच सांगून टाकतो. टीबीच्या दवाखान्यात स्तनाच्या गाठीची विचारपूस झाली पाहिजे आणि कॅन्सरच्या दवाखान्यात टीबीची. ती होत नसेल तर आपण स्वतः तोंड उघडून ती करायला लावली पाहिजे.

आधी भीती दूर करू. टीबीचे रूपांतर कॅन्सरमध्ये होत नाही. टीबीमुळे स्तनाचा कॅन्सर होतो असे सिद्ध झालेले नाही. स्तनातच टीबी होणे हे तसे दुर्मीळ आहे, आणि त्याच स्तनात टीबी व कॅन्सर दोन्ही असणे त्याहून दुर्मीळ. पण स्तनाचा कॅन्सर असलेल्या बाईला फुप्फुसाचा, मानेच्या किंवा काखेच्या गाठींचा टीबी असणे ही आपल्या देशात नवलाची गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली भारतात सुमारे २८ लाख लोकांना टीबी झाला. जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी साधारण एक भारतातला आहे. दुसरीकडे भारतीय स्त्रियांना होणाऱ्या कॅन्सरमध्ये स्तनाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. २०२२ या एका वर्षात त्याच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू असा अंदाज आहे. दोन्ही आजार एवढे पसरलेले असताना काही घरांत ते एकाच बाईच्या वाट्याला येणारच.

दोघांची गाठ कशी पडते?

टीबीचे जंतू शरीरात शिरले म्हणजे लगेच आजार होतो असे नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात ते झोपलेल्या अवस्थेत असतात आणि बहुतेकांना जन्मभर त्रास देत नाहीत. शरीराची ताकद घटली की ते जागे होतात. पोटभर आणि सकस अन्न न मिळणे, मधुमेह, एचआयव्ही, दारू, कोंदट खोली ही त्याची ओळखीची कारणे. कॅन्सरही शरीर पोखरतो. त्यावर दिलेल्या केमोथेरपीने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, सोबत स्टेरॉइडही दिले जाते. अशा वेळी झोपलेला टीबी डोके वर काढू शकतो. टीबीचा कोर्स चालू असतानाच स्तनात गाठ लागते, असेही होते. तिचा टीबीशी काही संबंध असेलच असे नाही.

दोन्ही आजार एकमेकांची सोंगे घेतात, ही खरी अडचण आहे. ॲस्टली कूपर या इंग्रज सर्जनने १८२९ मध्ये स्तनाच्या टीबीचे पहिले वर्णन केले. आपल्याकडे जिला गंडमाळ म्हणतात, त्या जातीची स्तनातली सूज, असे त्याने तिला म्हटले. जवळजवळ दोनशे वर्षे झाली, तरी आजही नुसत्या हाताने चाचपून ही गाठ टीबीची की कॅन्सरची हे अनुभवी डॉक्टरही खात्रीने सांगू शकत नाहीत. कॅन्सरची गाठ बहुधा कडक आणि न दुखणारी असते. टीबीची गाठ दुखू शकते, पिकते, फुटते, तिच्या तोंडातून पू वाहत राहतो. पण टीबीनेही गाठ कडक होते आणि कातडी आत ओढली जाते. कॅन्सरही कातडी फोडून बाहेर येतो. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफीतसुद्धा दोन्ही सारखे दिसू शकतात. अंगावर पाजणाऱ्या तरुण बाईला तर ‘दुधाची गाठ आहे’ असे सांगून गळू दोन-तीनदा फोडले जाते, तरी जखम भरत नाही. अशी न भरणारी जखम असेल तर टीबी आणि कॅन्सर दोन्ही तपासले पाहिजेत.

काखेतल्या गाठीचे तर आणखी अवघड. आपल्याकडे बायका म्हणतात, ‘अवधाण आलं असेल, बसेल आपोआप.’ काखेत गाठ येण्याची कारणे बरीच आहेत. हातावरची जखम, टीबी, स्तनातून पसरलेला कॅन्सर, यातले कोणतेही असू शकते. स्तनात कॅन्सर आणि काखेत टीबी अशीही जोडी असते. काखेतली गाठ न तपासता ती कॅन्सरचीच धरली, तर आजार आहे त्यापेक्षा जास्त पसरला असे समजून उपचार ठरतात. उलट ती टीबीची धरली आणि निघाली कॅन्सरची, तर मोलाचे महिने हातचे जातात. पेट स्कॅनमध्ये टीबीची गाठही कॅन्सरसारखीच चमकते. स्कॅनचा कागद हा शेवटचा शब्द नव्हे.

‘टीबीचे औषध देऊन बघू’

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला हे वाक्य फार वेळा ऐकू येते. एका भगिनीचे उदाहरण देतो. वय चाळिशीच्या पुढे, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. मानेतल्या गाठी तपासून टीबी निघाला, औषध सुरू झाले. तिसऱ्या महिन्यात डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ हाताला लागली. जवळच्या खासगी दवाखान्यात दाखवले, तर उत्तर मिळाले की टीबीचीच आहे, कोर्स संपेपर्यंत विरघळेल. घरच्यांनाही ते पटले, कारण मानेच्या गाठी खरोखरच विरघळत होत्या. कोर्स संपला तेव्हा मानेच्या गाठी गेल्या होत्या आणि स्तनातली दुप्पट झाली होती. मग तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली, आज त्या कामावर जातात. पण लिंबाएवढ्या गाठीवर जे उपचार पुरले असते त्याहून मोठे उपचार त्यांना सोसावे लागले, आणि कामाचे खाडे पडले ते वेगळेच.

यात टीबीचे निदान चूक नव्हते. ते बरोबरच होते. चुकीचे होते ते एका बरोबर निदानाच्या आधाराने दुसरे गृहीत धरणे. म्हणून स्तनातल्या गाठीवर तिचा तुकडा किंवा निदान सुईने काढलेला नमुना तपासल्याशिवाय अंदाजाने टीबीचे औषध सुरू करू नये, असे आमचे ठाम मत आहे. टीबी सिद्ध झाला आणि औषध चालू झाले, तरी दोनेक महिन्यांत गाठ कमी होत नसेल, वाढत असेल किंवा नवी गाठ आली असेल, तर पुन्हा तुकडा तपासायला सांगावे. मात्र टीबीची गाठसुद्धा औषध चालू असताना काही दिवस फुगू शकते. त्यामुळे ‘औषध लागू पडत नाही’ असे स्वतःच ठरवून गोळ्या बंद करू नयेत. गोळ्या चालू ठेवून तपासणी मागावी.

तुकड्याच्या तपासणीबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’ हा समज खोटा आहे. या एका समजापायी कितीतरी बायका तपासणीच्या खोलीच्या दारातून परत गेलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. दुसरी गोष्ट नर्स म्हणून सांगतो. कॅन्सरच्या तपासणीसाठी तुकडा फॉर्मालीन नावाच्या औषधाच्या बाटलीत टाकतात. फॉर्मालीनमध्ये टीबीचे जंतू मरतात, मग त्या तुकड्यातून जंतू वाढवून बघण्याची तपासणी करता येत नाही. म्हणून दोन्ही आजारांची शंका असेल तर तुकड्याचा एक भाग फॉर्मालीनमध्ये आणि दुसरा साध्या सलाईनमध्ये गेला पाहिजे. सलाईनमधल्या भागावर सीबीनॅट आणि कल्चर होते, गोळ्यांना दाद न देणारा टीबी आहे का हेही कळते. ‘डॉक्टर, टीबीसाठी वेगळ्या बाटलीत नमुना घेणार ना?’ एवढा एक प्रश्न विचारल्याने पुन्हा सुई टोचायची वेळ टळू शकते. असा प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांचा अपमान नव्हे. आपल्या शरीराबद्दल विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

केमो घेणाऱ्या भगिनींसाठीही नियम सोपा आहे. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घामाने कपडे भिजणे, वजन उतरणे, यातले काहीही असेल तर ‘केमोमुळेच होत असेल’ म्हणून अंगावर काढू नका. थुंकीची तपासणी मागा. फुप्फुसाचा टीबी वेळेवर सापडला तर तुमचा जीव वाचतो आणि केमोच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर असलेल्या, ताकद गेलेल्या बाईचाही वाचतो.

दोन्ही उपचार एकत्र होतात का?

होतात. ‘आता दोन-दोन आजार झाले, उपचार करून काय उपयोग’ असे म्हणून बाईला घरी नेणारे नातेवाईक आम्हाला भेटतात, म्हणून हे स्पष्ट सांगतो. नेहमीचा टीबी सहा महिन्यांच्या औषधाने बरा होतो. लवकर सापडलेला स्तनाचा कॅन्सरही बरा होऊ शकतो. पुष्कळदा टीबीचे औषध आधी सुरू करून काही आठवड्यांनी केमो देतात, काही वेळा शस्त्रक्रिया आधी करतात. हा क्रम दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून ठरवायचा असतो. आपले काम म्हणजे दोन्हीकडचे कागद दोन्हीकडे दाखवणे.

हे का महत्त्वाचे ते ऐका. टीबीच्या कोर्समध्ये रिफाम्पिसिन हे औषध असते. कॅन्सरनंतर पुष्कळ भगिनींना पाच-दहा वर्षे टॅमॉक्सिफेनची गोळी दिली जाते. रिफाम्पिसिनमुळे रक्तातले टॅमॉक्सिफेनचे प्रमाण खूप उतरते. म्हणजे बाई रोज नेमाने गोळी घेते, पण तिचा पुरता उपयोग होत नाही. कॅन्सरच्या डॉक्टरांना टीबीच्या गोळ्यांची माहितीच नसेल तर हे त्यांना कसे कळणार? गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही रिफाम्पिसिनने कमी होतो, तेव्हा तरुण भगिनींनी तेही विचारून घ्यावे. टीबीच्या काही गोळ्या आणि केमोची काही औषधे दोन्ही लिव्हरवर ताण टाकतात. डोळे पिवळे दिसले, सारखी मळमळ होऊ लागली, अन्नावरची वासना उडाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. या काळात कुणी दिलेल्या जडीबुटीच्या पुड्या आणि दारू दोन्हींपासून दूर राहा. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते आणि केमोच्या लाल औषधाने एक-दोन दिवस लालसर होते. त्याला घाबरून औषध सोडू नका.

पैशांचे म्हणाल, तर टीबीची तपासणी व औषध सरकारी केंद्रात मोफत आहे. निक्षय पोषण योजनेत पूर्वी महिना ५०० रुपये मिळत, ते १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले आहेत. ते बँक खात्यात जमा होतात, म्हणून खात्याची माहिती पहिल्याच दिवशी द्या. कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि शेक यांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. रेशन कार्ड आणि ओळखपत्र घेऊन आधी तिथे जा, पैसे भरायला नंतर. टीबीबद्दल काही अडले तर १८००-११-६६६६ हा मोफत क्रमांक आहे.

सरकारकडे आमची मागणी

काही डॉक्टर मित्र आम्हाला म्हणतात, ‘इतक्या कमी बायकांना दोन्ही आजार असतात, त्यासाठी सगळ्यांना कशाला घाबरवता? आधीच ओपीडीत पाय ठेवायला जागा नाही.’ गर्दी आम्ही पाहिली आहे, त्या गर्दीत नोकरीही केली आहे. पण आम्ही नवे यंत्र किंवा नवी इमारत मागत नाही. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची एचआयव्ही आणि मधुमेहाची तपासणी करावी, असे राष्ट्रीय टीबी कार्यक्रमाने ठरवले आहे. दोन आजार जोडून बघायची ही रीत सरकारला ठाऊक आहे. तिशीवरच्या प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी करण्याचा कार्यक्रमही सरकारचाच आहे. हे दोन कार्यक्रम जोडा, एवढेच आमचे म्हणणे. टीबीच्या औषधासाठी सहा महिने केंद्रात येणाऱ्या तिशीवरच्या बाईची एकदा तरी स्तनतपासणी झालीच पाहिजे. कॅन्सर विभागात केमो सुरू करण्याआधी टीबीच्या चार लक्षणांची विचारपूस आणि नोंद झाली पाहिजे. दोन्ही आजार असलेल्या रुग्णाचा केसपेपर एक असावा आणि तिला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवण्यापेक्षा दोन विभागांनी आपसांत बोलावे.

हाताने केलेल्या तपासणीचा काय उपयोग, असेही विचारले जाते. त्याचे उत्तर मुंबईच्या वस्त्यांतूनच आले आहे. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ मध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखावर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यातल्या एका गटातल्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले, अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापले गेले. तपासणी झालेल्या गटात कॅन्सर अलीकडच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांमध्ये या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांच्या मृत्यूंत तसा फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही शिकवलेले साधे हात काय करू शकतात याचा हा पुरावा आहे. असे हात आज आशाताईंच्या आणि एएनएम सिस्टरांच्या रूपाने प्रत्येक वस्तीत आहेत.

घरात काय बदलायचे?

सरकारकडे बोट दाखवताना आपल्या घराकडेही पाहू. स्तनातली गाठ बाई लाजेने लपवते. टीबी ती मुलीच्या लग्नासाठी लपवते. दोन्ही असले तर तिची अवस्था तोंड दाबून बुक्क्यांचा मार अशी होते. घरातल्या सर्वांचे जेवण उरकल्यावर उरलेले खाणारी बाई आजारी पडते, आणि आजारपणातही दूध-अंडे मुलांच्या ताटात सरकवते. पतीने, मुलाने, सासूने हे पाहिले पाहिजे. पोषणाचे हजार रुपये तिच्याच ताटात गेले पाहिजेत.

आणि एक गोष्ट कठोरपणे बोलतो. कॅन्सर शिवल्याने पसरत नाही. टीबी भांड्याकुंड्यांतून, कपड्यांतून पसरत नाही. फुप्फुसाचा टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. त्यासाठी मास्क, खिडकी उघडी ठेवणे आणि औषध नेमाने घेणे हे उपाय आहेत. गाठीचा टीबी, तोही स्तनातला असो, सहसा दुसऱ्याला लागत नाही. तरीही काही घरांत आजारी बाईचा पेला वेगळा होतो, ताट वेगळे होते. ज्यांच्या आजा-पणज्यांना पाणी वरून ओतून मिळाले, त्यांनी आपल्याच घरातल्या बाईचा पेला बाजूला ठेवावा, याचे आम्हाला दुःख होते.

विहारात महिन्यातून एकदा तरी महिला मंडळ जमते. पुढच्या वेळी त्यातली पंधरा मिनिटे या विषयाला द्या. आशाताईंना किंवा सिस्टरांना बोलवा आणि स्तन कसा तपासायचा ते बायकांना करून दाखवायला सांगा. वस्तीतल्या कोणत्या भगिनीचा टीबीचा कोर्स चालू आहे आणि कोण केमोला जाते हे मंडळाला बहुधा ठाऊक असतेच. तिचे नाव चारचौघांत घेऊ नका. एखादीने एकटीने तिच्या घरी जावे आणि विचारावे, ‘ताई, अंगात कुठं गाठ लागते का? खोकला किती दिवसांचा आहे?’ काही निघाले तर तिच्याबरोबर दवाखान्यात जावे, दोन्हीकडचे कागद एका पिशवीत घालून. त्या दिवशी तिचे काम बुडेल, तिच्या मुलांना कुणीतरी जेवू घालावे लागेल. मंडळाने वर्गणीतून रिक्षाचे भाडे दिले तर ती जाईल. नाहीतर ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणेल, आणि गाठ काही पुढच्या आठवड्याची वाट पाहत बसणार नाही.